वाचकांचे प्रश्न : आखलेला सायकलमार्ग जीपीएस यंत्रात नेताना

लांबच्या सायकलसफरीचा मार्ग संकेतस्थळावर आखावा आणि हँडलबारवरच्या जीपीएस यंत्रात भरून निघावे, ही पद्धत आता चांगलीच रुळली आहे. तरीही आखलेला मार्ग यंत्रात गेल्यावर बदलतो, अर्धवट येतो किंवा येतच नाही, अशी पत्रे आमच्याकडे सातत्याने येतात. त्यांतील काही प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : रहदारी टाळून आतल्या रस्त्यांनी जाणारा मार्ग मी संकेतस्थळावर काळजीपूर्वक आखला, त्याची जीपीएक्स फाइल यंत्रात घेतली आणि निघालो. निम्म्या वाटेवर यंत्राने मला सरळ मुख्य रस्त्याला लावले. संगणकावर मार्ग बरोबर दिसत होता, मग गडबड कुठे झाली?

उत्तर : तुमच्या आखणीत दोष असण्याची शक्यता कमी आहे. फाइलमध्ये मार्ग कोणत्या रूपात साठवला गेला, हे आधी पाहायला हवे. जीपीएक्स हा जीपीएसच्या माहितीची देवाणघेवाण करण्यासाठी २००२ साली पुढे आलेला खुला फाइलप्रकार असून त्याची २००४ सालची १.१ ही आवृत्ती आजही सर्वत्र चालते. या एकाच फाइलप्रकारात तीन वेगवेगळ्या गोष्टी राहू शकतात. सुट्या ठिकाणाला वेपॉइंट म्हणतात. क्रमाने गाठायच्या ठिकाणांच्या यादीला रूट म्हणतात. तीत दोन ठिकाणांमधला रस्ता दिलेला नसतो, तो यंत्राने शोधायचा असतो. आणि जवळजवळच्या असंख्य बिंदूंनी बनलेल्या सलग रेघेला ट्रॅक म्हणतात. तीत प्रत्येक वळण आधीच उमटलेले असल्यामुळे यंत्राला शोधण्यासारखे काही उरत नाही.

तुमची फाइल बहुधा रूट स्वरूपाची होती. समजा, ४० किलोमीटरच्या मार्गात तुम्ही आठ ठिकाणे दिलीत, तर त्यांच्यामधले प्रत्येकी पाचसहा किलोमीटर कोणत्या रस्त्याने जायचे हे यंत्र स्वतःच्या नकाशावरून आणि स्वतःच्या सेटिंगवरून ठरवते. ती सेटिंग ‘कमीत कमी वेळ’ अशी असेल, तर संकेतस्थळावर तुम्ही मुद्दाम टाळलेला मोठा रस्ता त्याला सर्वांत सोयीचा वाटणार. शिवाय यंत्रातला नकाशा जुना असेल आणि तुमची आतली वाट त्यात नसेलच, तर ती सुचवणे त्याला शक्यच नाही. याच मार्गाचा ट्रॅक काढला असता, तर दर पंचवीसतीस मीटरला एक असे सुमारे दीड हजार बिंदू फाइलमध्ये आले असते आणि यंत्र त्याच रेघेवर राहिले असते.

फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सहज कळते. ती साध्या मजकूर संपादकात उघडावी. आतमध्ये अक्षांश-रेखांशांच्या ओळींमागून ओळी दिसतील. प्रत्येक ओळीच्या आरंभी कोनी कंसात टी-आर-के-पी-टी ही इंग्रजी अक्षरे असतील तर तो ट्रॅक; आर-टी-ई-पी-टी असतील तर रूट. काही संकेतस्थळे डाउनलोड करताना हा पर्याय विचारतात, काही विचारत नाहीत. विचारला तर ट्रॅकच निवडावा, असे माझे ठाम मत आहे. मार्ग ठरवताना तुम्ही घाट, रहदारी, पाणी मिळण्याची ठिकाणे, सोबत्यांची क्षमता असा कितीतरी विचार केलेला असतो. यंत्राला त्यातले काहीच ठाऊक नसते, म्हणून निर्णय त्याच्याकडे सोपवू नये.

ट्रॅक असूनही चुकण्याची एक वाट मोकळी राहते. तुम्ही एखादा फाटा चुकलात की अनेक यंत्रे आपण होऊन मार्ग पुन्हा काढतात आणि मूळ रेघेवर परत आणण्याऐवजी पुढच्या एखाद्या टप्प्याकडे किंवा थेट शेवटाकडे जवळची वाट दाखवू लागतात. सेटिंगमध्ये ‘रीकॅल्क्युलेशन’ नावाने असणारी ही सोय बंद ठेवावी किंवा ‘आधी विचारा’ यावर ठेवावी. मार्ग सुटल्याची सूचना मात्र चालू असू द्यावी. सूचना आली की थांबून पडद्यावरची रेघ पाहावी आणि चुकलेल्या फाट्यापर्यंत मागे यावे.

प्रश्न : त्याच दोन ठिकाणांमधला मार्ग दोन संकेतस्थळे वेगवेगळा दाखवतात आणि अंतरातही बराच फरक येतो. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोन्ही संकेतस्थळांचा नकाशा बहुधा एकच असतो. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी उभा केलेला खुला नकाशा कोमूट, राइड विथ जीपीएस, स्ट्राव्हा, बीराउटर अशा बहुतेक मार्ग-आखणी सेवांच्या मुळाशी आहे. फरक पडतो तो त्या नकाशातल्या रस्त्यांना कोण किती वजन देतो यामुळे. दोन बिंदूंमधला सर्वांत ‘स्वस्त’ मार्ग शोधण्याची रीत डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ साली प्रसिद्ध केली आणि आजच्या बहुतेक पद्धती तिच्याच वंशातल्या आहेत. परंतु ‘स्वस्त’ म्हणजे काय हे त्या सेवेने ठरवायचे असते. एकीने रहदारीच्या रस्त्याला मोठा दंड लावला आणि दुसरीने चढाला, तर उत्तरे वेगळी येणारच. त्यामुळे आखणीला बसण्यापूर्वी रस्त्यावरची सायकल, मातीवरची सायकल, पर्यटनाची सायकल यांपैकी आपल्याला लागू पडणारा प्रकार निवडला आहे ना, हे पाहणे फार महत्त्वाचे आहे. तो चुकला की पुढचे सारेच चुकते.

दुसरी गोष्ट रस्त्याच्या पृष्ठभागाची. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्ता डांबरी आहे, खडीचा आहे की मातीचा, याची नोंद करता येते. शेतातल्या आणि रानातल्या गाडीवाटांना तर पक्क्या वाटेपासून मऊ मातीच्या वाटेपर्यंत १ ते ५ अशी प्रतही देता येते. मात्र ही नोंद कोणीतरी केलेली असावी लागते. जिथे ती नाही तिथे आखणीची सेवा अंदाजाने चालते, आणि अरुंद टायरच्या सायकलवाल्याला कधी कधी दगडगोट्यांच्या वाटेवर नेऊन सोडते. म्हणून पृष्ठभाग ‘अज्ञात’ दाखवलेला प्रत्येक तुकडा उपग्रहचित्रावर मोठा करून पाहावा. डांबरी रस्ता एकसारख्या करड्या पट्ट्यासारखा दिसतो, तर गाडीवाटेवर दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मध्ये गवताची हिरवी ओळ दिसते. काही सेवा इतर सायकलस्वारांच्या नोंदींवरून गजबजलेल्या वाटा ठळक रंगात दाखवतात. त्याही पाहाव्यात, पण ती वाट सरावाने भरधाव जाणाऱ्यांची आहे की शांतपणे फिरणाऱ्यांची, हे त्या रंगावरून कळत नाही.

अशी तपासणी केल्यावर दोन्ही मार्गांतला चांगला भाग घेऊन तिसरा मार्ग स्वतः आखणे, हाच बहुतेक वेळा उत्तम तोडगा ठरतो.

प्रश्न : मार्ग आखताना रेघ हव्या त्या रस्त्याकडे ओढली की मध्येच शेपटीसारखा छोटा तुकडा बाहेर येतो. यंत्र मला तिथे वळायला आणि लगेच परत फिरायला सांगते. हे कसे टाळावे?

उत्तर : तुम्ही टाकलेला मधला बिंदू रस्त्यावर नेमका बसलेला नसतो. तो शेजारच्या गल्लीवर, एखाद्या आवाराच्या वाटेवर किंवा दुभाजक असलेल्या रस्त्याच्या पलीकडच्या बाजूवर चिकटतो, आणि मग त्या बिंदूपर्यंत जाऊन परत येण्याखेरीज मार्गाला गत्यंतर राहत नाही. दुभाजकाच्या बाबतीत तर चारपाचशे मीटर पुढे जाऊन उलट फिरणारा मोठा फेरा तयार होतो आणि लहान प्रमाणाच्या नकाशावर तो दिसतही नाही.

यावर उपाय असा की, बिंदू कधीही चौकावर टाकू नये. चौकातून बाहेर पडल्यावर हव्या त्या रस्त्यावर शंभरदोनशे मीटर पुढे, जिथे आसपास दुसरी वाट फुटत नाही अशा जागी, नकाशा पुरेसा मोठा करून तो ठेवावा. बिंदूंची संख्याही मोजकीच असावी, कारण प्रत्येक बिंदू ही चुकीची एक नवी जागा असते. आखणी पूर्ण झाल्यावर रस्त्यांची नावे वाचता येतील इतक्या मोठ्या प्रमाणात मार्ग आरंभापासून शेवटापर्यंत एकदा सरकवत पाहावा. ५० किलोमीटरच्या मार्गाला त्यासाठी थोडाच वेळ लागतो आणि जवळजवळ सगळ्या शेपट्या या फेरीत सापडतात. वळणांची यादी उपलब्ध असेल तर तीत ‘उलट फिरा’ ही सूचना शोधावी. शेपटी तिथेच असते.

नकाशात नसलेली वाट घ्यायची असेल, तर ‘रस्त्याला धरून’ आखण्याची सोय तेवढ्यापुरती बंद करून हाताने रेघ ओढता येते. त्या तुकड्यात वळणांच्या सूचना मिळणार नाहीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : संकेतस्थळाने एकूण चढ १,१५० मीटर सांगितला, दुसऱ्याने १,४०० आणि सफरीनंतर यंत्राने १,२६०. यातला खरा कोणता?

उत्तर : तिन्ही अंदाज आहेत आणि तिघांच्या चुका वेगवेगळ्या कारणांनी होतात. संकेतस्थळ उंची मोजत नाही. ते तुमच्या रेघेवरच्या प्रत्येक बिंदूची उंची भूभागाच्या आराखड्यातून उचलते. यांतला सर्वांत जास्त वापरला गेलेला आराखडा फेब्रुवारी २००० मध्ये ‘एन्डेव्हर’ या अवकाशयानावरून ११ दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साहाय्याने तयार झाला. त्यात ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण यांमधली जमीन येते आणि त्याचे बारीकात बारीक चौकोन सुमारे ३० मीटरचे आहेत. डोंगराच्या कुशीतून कोरून काढलेला रस्ता पाचसहा मीटर रुंद असतो, म्हणजे एकाच चौकोनात रस्ता, वरची दरड आणि खालचा उतार असे सारेच येते. तुमची रेघ दहा मीटर बाजूला पडली तरी उंची दरडीची लागते, पुढच्या बिंदूला दरीची लागते, आणि सपाट रस्त्याच्या आलेखावर करवतीचे दाते उमटतात. दाट झाडीत रडारला जमिनीऐवजी शेंड्यांच्या जवळपासची उंची मिळालेली असते. बोगद्यावर डोंगराची उंची लागते आणि उंच पुलावर खालच्या पात्राची. चांगल्या सेवा बोगदे आणि पूल ओळखून आलेख सपाट करतात, सगळ्याच करत नाहीत.

यंत्रात हवेचा दाब मोजणारी सोय असेल तर त्याचा आकडा साधारणपणे अधिक विश्वासार्ह असतो, पण हवामान पालटले की तोही हलतो. समुद्रसपाटीजवळ दाबात १ हेक्टोपास्कलचा फरक पडला तर उंचीत सुमारे ८ मीटरचा फरक दिसतो. दुपारी वादळी हवा आली आणि दाब ३ हेक्टोपास्कलने उतरला, तर जागचे न हलताही यंत्र तुम्हाला २५ मीटर वर गेल्याचे सांगेल. याशिवाय किती मीटरपर्यंतचे बारीक चढउतार सोडून द्यायचे, हे प्रत्येक सेवा आपल्यापुरते ठरवते आणि एकूण बेरजेतला मोठा फरक तिथूनच येतो.

म्हणून वेगवेगळ्या सेवांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. एकाच सेवेवर आपल्या पायाखालच्या ओळखीच्या मार्गाचा आकडा काढावा आणि नवा मार्ग त्याच्याशी पडताळावा. मला तर एकूण बेरजेपेक्षा चढाची ठेवण अधिक महत्त्वाची वाटते. सहा किलोमीटरभर ५ टक्क्यांचा संथ चढ आणि अडीच किलोमीटरमध्ये १२ टक्क्यांचा उभा चढ, दोन्हींची बेरीज ३०० मीटरच होते; सामान लादलेल्या सायकलवर मात्र हे दोन अगदी वेगळे दिवस असतात.

प्रश्न : फाइल केबलने यंत्रात टाकली, पण यंत्राच्या यादीत मार्ग दिसत नाही. परत संगणकाला जोडून पाहिले तर फाइलही गायब. असे का होते?

उत्तर : फाइल गायब होणे हे काही यंत्रांत शुभलक्षण असते. गार्मिनच्या एज मालिकेतल्या यंत्रांत ‘गार्मिन’ फोल्डरच्या आत ‘न्यूफाइल्स’ नावाचा फोल्डर असतो आणि मार्गाची फाइल तिथे ठेवायची असते. केबल काढल्यावर यंत्र ती वाचते, तिचे स्वतःच्या फिट प्रकारात रूपांतर करते आणि तयार मार्ग ‘कोर्सेस’ या फोल्डरात ठेवते. त्यामुळे मूळ जागा रिकामी दिसते. याच कंपनीच्या ईट्रेक्ससारख्या हाती धरायच्या यंत्रांत मात्र फाइल ‘जीपीएक्स’ फोल्डरात ठेवायची असते आणि ती तिथेच राहते.

मार्ग यादीत आहे, पण ओळखू येत नाही, असेही पुष्कळदा घडते. यंत्र फाइलचे नाव दाखवत नाही. फाइलच्या आत लिहिलेले मार्गाचे नाव दाखवते. तुम्ही संगणकावर फाइलचे नाव बदलले असले, तरी आत ‘नवीन मार्ग’ असेच राहिले असेल तर यादीत तेच येते. नाव संकेतस्थळावरच, डाउनलोड करण्यापूर्वी द्यावे. यंत्रात देवनागरी अक्षरांची सोय नसेल तर नावाच्या जागी नुसते चौकोन दिसतात, तेव्हा अशा यंत्रासाठी नाव रोमन अक्षरांत देणे सोयीचे.

तरीही मार्ग सापडत नसेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात. काही ब्राउझर डाउनलोड करताना फाइलच्या नावाला शेवटी टीएक्सटी किंवा एक्सएमएल असे शेपूट जोडतात, आणि संगणक ते लपवत असल्यामुळे लक्षात येत नाही. अशी फाइल यंत्र वाचत नाही. केबल केवळ चार्जिंगची असेल तर यंत्र चार्ज होते, पण संगणकावर उघडत नाही. काही नवी यंत्रे साध्या पेनड्राइव्हसारखी न जोडता एमटीपी या पद्धतीने जोडली जातात आणि मॅक संगणकाला ती थेट दिसत नाहीत, त्यासाठी वेगळा प्रोग्राम लागतो. आणि केबल ओढून काढण्याआधी यंत्र संगणकातून ‘इजेक्ट’ करायलाच हवे, नाहीतर अर्धी लिहिलेली फाइल आत राहते.

या साऱ्याला पर्याय म्हणजे मार्ग-आखणीच्या सेवेतले खाते यंत्राच्या मोबाइल अ‍ॅपशी जोडून ब्लूटूथ किंवा वायफायने मार्ग घेणे. रोजच्या वापराला हीच पद्धत सुटसुटीत आहे. केबलची पद्धत तरीही शिकून ठेवावी, कारण मोबाइलला रेंज नसलेल्या मुक्कामी हाती एखादा लॅपटॉप आणि फाइल असली की काम भागते.

प्रश्न : जीपीएक्स, टीसीएक्स आणि फिट यांपैकी कोणती फाइल घ्यावी?

उत्तर : टीसीएक्स आणि फिट हेही जीपीएक्ससारखेच मार्ग साठवण्याचे फाइलप्रकार आहेत. यंत्रात रस्ते शोधता येण्याजोगा नकाशा असेल तर जीपीएक्स ट्रॅक पुरतो, वळणांच्या सूचना यंत्र स्वतः तयार करते. नकाशा नसलेल्या यंत्रासाठी टीसीएक्स किंवा फिट घ्यावी, कारण जीपीएक्सच्या ट्रॅकमध्ये वळणसूचनांसाठी ठरलेली जागा नाही आणि या दोन्हींत ती आहे. टीसीएक्समध्ये सूचनेच्या बिंदूचे नाव १० अक्षरांपलीकडे जात नाही, तेव्हा पाण्याचे ठिकाण, अवघड उतार अशा स्वतःच्या खुणा घालताना शब्द तोकडे ठेवावेत.

प्रश्न : माझे यंत्र जुने आहे. लांबचा मार्ग टाकला की शेवटचा भाग कापला जातो.

उत्तर : काही जुन्या यंत्रांत साठवलेल्या ट्रॅकला ५०० बिंदूंची मर्यादा होती आणि त्यापुढचे बिंदू ती सरळ सोडून देतात. मार्गाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा भरणे हा पहिला उपाय. दुसरा, बिंदू कमी करण्याचा. त्यासाठी १९७३ साली प्रसिद्ध झालेली डग्लस-प्यूकर ही रीत बहुतेक प्रोग्राममध्ये वापरली जाते. ती सरळ रस्त्यावरचे बिंदू काढून टाकते आणि वळणांवरचे राखते, त्यामुळे मोकळ्या मुलखात काहीच बिघडत नाही. घाटातल्या नागमोडी रस्त्यावर मात्र प्रमाणाबाहेर बिंदू काढले की रेघ वळणे कापत दरीवरून जाऊ लागते आणि यंत्र तुम्ही मार्ग सोडल्याचे वारंवार बजावते. घाटाच्या मार्गासाठी तुकडे करणेच बरे.

प्रश्न : माझा मार्ग जिथून सुरू होतो तिथेच संपतो. निघताच यंत्र ‘मार्ग पूर्ण’ असे सांगते. काय करावे?

उत्तर : मोकळ्या आकाशाखाली जीपीएसचे स्थान साधारणपणे पाचेक मीटरच्या फरकाने येते, उंच इमारतींमध्ये आणि झाडीत त्याहून अधिक. आरंभ आणि शेवट एकाच ठिकाणी असले की आपण रेघेच्या कोणत्या टोकाला आहोत हे यंत्राला ठरवता येत नाही. आरंभाचा बिंदू काही अंतर पुढे, पहिल्या वळणाच्या पलीकडे सरकवावा, आणि शेवट घराच्या थोडा अलीकडे ठेवावा. आठच्या आकड्यासारख्या मार्गात जिथे रेघ स्वतःलाच छेदते तिथेही अशीच गफलत होते. तिथे मार्गाचे दोन स्वतंत्र भाग करावेत.

प्रश्न : मित्राने केलेल्या सफरीची नोंद त्याने मला फाइल म्हणून पाठवली. ती तशीच मार्ग म्हणून वापरावी का?

उत्तर : वापरता येते, कारण ती ट्रॅकच असते. पण तो ज्या ठिकाणी चहाला थांबला, चुकला आणि परत आला, ते सारे तीत आहे, म्हणून ती एकदा आखणीच्या संकेतस्थळावर चढवून नीट करून घ्यावी. नोंदीत प्रत्येक बिंदूची वेळ असते आणि काही यंत्रे त्या वेळेनुसार तुमची मित्राच्या वेगाशी शर्यत लावतात. ते नको असेल तर वेळ काढून टाकावी. तुम्ही स्वतः अशी फाइल कोणाला देणार असाल तर आणखी एक काळजी घ्यावी. बिंदूंचे अक्षांश-रेखांश पाच दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले असतील, तर त्यांची बारकाई सुमारे एक मीटरपर्यंत जाते, म्हणजे पहिला बिंदू तुमच्या दारापाशी आणि पहिली वेळ तुम्ही घराबाहेर पडल्याची असते. रोजच्या फेरीच्या अनेक फाइली एकत्र पाहणाऱ्याला घर केव्हा रिकामे असते हेही त्यांतून कळू शकते. अनोळखी लोकांपर्यंत जाणाऱ्या फाइलमधून हृदयगती, वेळ आणि दोन्ही टोकांचे काहीशे मीटर काढून मगच ती पाठवावी.